पेटीनं न मोजलेले चेंडू

डिसेंबर अर्धा सरला की आमच्या नगरकडं दोन गोष्टी ठरलेल्या असतात. शिवारात ज्वारीचा हुरडा येतो, आणि माझ्या मोबाईलवर रोबोट स्पर्धेच्या आयोजकांचं परिपत्रक येतं. हुरड्याची मी वाट बघते. परिपत्रकाची कुणीच बघत नाही. यंदाही ते आलंच, नियम बदलल्याचं. प्रयोगशाळेच्या पायरीवर, पाठ उन्हाला देऊन मी ते उघडलं आणि सवयीनं म्हणाले, "आलं का वरातीमागून घोडं!" आत मुली रोबोटची चाकं आवळत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "मॅडम, आधी वाचा तरी. मग चिडा." हल्लीच्या पोरी फार शहाण्या झाल्यात.

वाचलं. बदल एवढाच होता की प्रत्येक सामन्याआधी पंचांनी दोन्ही पेट्यांत हातानं चेंडू टाकून बघायचे, आकडा बरोबर येतोय ना ते तपासायचं, आणि मगच शिट्टी वाजवायची. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. चिडायचं राहूनच गेलं. चष्मा काढून पदरानं पुसला, तरी अक्षरं नीट दिसेनात, कारण काच स्वच्छच होती. मुलींना वाटलं, मॅडमना काही वाईट बातमी आली. वाईट कसली! मला काही वर्षांपूर्वीचा एक हिवाळा आठवला होता.

माझी शाळा केडगावच्या बाजूला, मुलींची. मी विज्ञान शिकवते आणि वरकड म्हणून हे रोबोटचं खातं सांभाळते. स्पर्धा तशी साधी असते. लाकडी कडा लावलेलं एक चौकोनी मैदान, लहानशा खोलीएवढं. दोन बाजूंना दोन पेट्या, एक लाल, एक निळी. मुलींनी बनवलेला रोबोट मैदानातले प्लॅस्टिकचे चेंडू गोळा करतो आणि आपल्या पेटीत टाकतो. ज्याच्या पेटीत जास्त चेंडू, तो जिंकला. पोरखेळ वाटतो ना? मलाही वाटला होता. पण एकदा का घरच्या मुलींचा रोबोट मैदानात उतरला की भलीभली माणसं खुर्चीवर उभी राहतात. मी तर राहतेच.

त्या हिवाळ्याचा वास अजून नाकात आहे. सोल्डरिंगचा जळका वास, आणि त्यात मिसळलेला आमच्या घरच्या नाताळच्या करंज्यांचा. शाळेत दिवसभर लाईट जायची म्हणून रोबोटच्या बॅटऱ्या मी घरी आणून चार्ज करायची. ओट्यावर एकीकडं सारणाची परात, दुसरीकडं लाल दिवा लुकलुकणाऱ्या बॅटऱ्या. आई म्हणायची, "हे काय, आता देवाच्या जन्माला यंत्राचाही फराळ का?" आळीत घरोघरी चांदण्या लागलेल्या. सकाळी शाळेला निघावं तर पुणे रोडला उसाच्या ट्रॉल्यांची रांग, वर गाणी लावलेली, मागं पडलेला ऊस वेचायला पोरांची पळापळ. थंडी अशी की पाना फिरवायला गेलं तर बोटं ऐकायची नाहीत. पान्याला आमच्या मुली पान्हाच म्हणतात, आणि मी सुधारायचं कधीच सोडून दिलंय.

त्या मुलींत प्रतीक्षा होती. नववीत. पाथर्डीच्या पलीकडं, डोंगराच्या कडेला तिची वाडी. उंच, सडसडीत, बोलायला कमी. आईवडील, भाऊ, वहिनी दसरा झाला की ऊसतोडीला जायचे आणि फडावरच कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, घालून राहायचे. आधी तीही जायची, मग आमच्या वसतिगृहात आली. रोबोटच्या खोलीत पहिल्या दिवशी तिनं सगळं बघितलं आणि विचारलं, "मॅडम, हे मोडलं तर रागावता का?" म्हटलं, मोडलं तर नाही, लपवलं तर रागावते. दुसऱ्या दिवशी तिनं मोटर जाळून आणून माझ्या टेबलावर ठेवली. मी रागावले नाही. अवघड गेलं, पण नाही रागावले.

दिवाळीच्या सुट्टीत तिच्या आईचा, कांताबाईंचा, फोन आला. प्रतीक्षा माझ्या शेजारीच तारा सोलत होती, म्हणून मी तो स्पीकरवर टाकला. मागं ट्रॅक्टरचा आवाज. "म्याडम, तुमचं यंत्र लई भारी आसंल, मी न्हाई म्हनत न्हाई. पर सून पोटुशी हाय, तिचं थोरलं रांगतंय. कोपीवर लेकराला कोन बघनार, भाकरी कोन थापनार? पोरीची टीम जिंकली, राज्याच्या स्पर्धंला जानार आसली, तर वरीसभर ऱ्हाऊ द्या तिला. न्हाईतर जानेवारीत मी सोता न्यायला येते." मी काही बोलायच्या आत प्रतीक्षा म्हणाली, "चालंल, आई." फोन ठेवून ती पुन्हा तारा सोलायला बसली. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. नववीच्या जानेवारीत फडावर गेलेली मुलगी जूनमध्ये बाकावर परत येत नाही. कुणी तिला अडवतं असं नाही. तिकडची कामंच तिला धरून ठेवतात, मग स्थळं येतात. मी अशा मुली बघितल्यात. त्यांची नावं माझ्या अजून लक्षात आहेत.

तेव्हा आमचा रोबोट होता 'डंपर'. सगळे चेंडू पोटात भरायचे, पेटीजवळ जायचं आणि एका झटक्यात ओतायचे. सामना संपला की पंच पेटीतले चेंडू हातानं मोजायचे. गडगड आवाज करत चेंडू पडले की मुली टाळ्या पिटायच्या. सानिया तो चालवायची, रिमोट हातात घेऊन आणि जीभ बाहेर काढून. सगळं झकास चाललं होतं. आणि नाताळच्या तोंडावर परिपत्रक आलं.

पेटीच्या तोंडाशी आता सेन्सर बसणार होता. एका कडेला बारीक दिवा, समोरच्या कडेला त्याच्याकडं बघणारा डोळा. चेंडू मधून गेला की उजेड तुटतो आणि पडद्यावरचा आकडा एकानं वाढतो. प्रेक्षकांना चालू सामन्यात गुण दिसावेत म्हणून ही सोय. आणि खाली ठळक अक्षरांत: सेन्सरचा आकडा अंतिम राहील. म्हणजे काय झालं बघा. डंपरनं सगळे चेंडू एकदम ओतले तर उजेड एकदाच तुटणार, फार तर दोनदा. पोतंभर ओतायचं आणि मूठभर मोजून घ्यायचं. सानिया ढसाढसा रडली. मी आयोजकांना फोन लावला आणि जे बोलले ते इथं लिहीत नाही. पलीकडचा मुलगा बिचारा म्हणत राहिला, "मॅडम, सगळ्यांना सारखाच नियम आहे." सारखाच! डाव मांडून झाल्यावर सोंगट्या बदलायच्या आणि म्हणायचं, सगळ्यांच्याच बदलल्या.

पण खरं सांगायचं तर त्या परिपत्रकावर माझा राग आता उरलेला नाही. आयुष्यात आधी नियम सांगून मग खेळायला कुणी बसवलंय आपल्याला? माझे वडील अचानक गेले तेव्हा मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. तेव्हाही कुणी आधी कळवलं नव्हतं. ज्यानं त्यानं हातातलं मोडून पुन्हा बांधायचं असतं. हे शहाणपण मला आज सुचतंय हं. त्या दिवशी मी नुसती धुसफुसत होते.

बांधलं ते प्रतीक्षानं. चेंडू एकेक करून सोडायचे कसे यावर मुलींनी नाना उद्योग केले. नळी लावली, चेंडू अडकले. झडप लावली, तीन तीन एकदम सुटले. कुणाच्या तरी घरून हुरडा आला होता, गरम, सोबत शेंगदाण्याची चटणी. सगळ्या जणी खात बसलेल्या. प्रतीक्षानं मूठभर दाणे घेतले, उठली आणि व्हरांड्यातून चालायला लागली. हात पुढं, मूठ मिटलेली, आणि करंगळीकडून दाणे पडतायत. एक पाऊल, दाणा. एक पाऊल, दाणा. मागं व्हरांडाभर ओळ. "मॅडम, चाड्यावर मूठ धरायची हाय आपल्याला," ती म्हणाली. मी शहरातली, मला काय कळणार! मग तिनं सांगितलं. तिफणीनं ज्वारी पेरताना वर जे वाटीसारखं चाडं असतं, त्यात बाई मुठीतून बी सोडत चालते. घाई केली तर दाट उगवतं, हात आखडला तर मोकळी जागा राहते. डोंगराच्या तुकड्यांत ट्रॅक्टर चढत नाही, म्हणून त्यांच्याकडं अजून तिफणच. आईनं तिला शिकवलं होतं. "मूठ उघडायची न्हाई, ढिली करायची," ती म्हणाली.

सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांनी एका चाकावर बोटांसारख्या बसवल्या. चाक फिरलं की प्रत्येक बोट एक चेंडू पुढं ढकलायचं आणि मागच्याला रोखून धरायचं. पहिल्यांदा ते चाललं तेव्हा आम्ही कुणी ओरडलो नाही. टप्, टप्, टप् असा आवाज ऐकत नुसत्या उभ्या होतो. मग सानियानं प्रतीक्षाच्या पाठीत असा धपाटा घातला की ती पडता पडता वाचली.

स्पर्धा जानेवारीत, नागापूरच्या पुढं एका शाळेच्या हॉलमध्ये. पत्र्याचं उंच छप्पर, पश्चिमेला मोठमोठ्या खिडक्या. सकाळचे सामने आम्ही निळ्या बाजूनं खेळलो आणि जिंकलो. दुपारी कांताबाई आल्या. फडावरून जीप मिळाली तशा निघाल्या होत्या. उसाच्या पाचटानं चिरलेले हात, डोक्यावरून पदर. मी पुढं बसा म्हटलं, तर त्या शेवटच्या रांगेत टेकल्या. चहा दिला. बशीत ओतून पिता पिता म्हणाल्या, "निक्काल लागला की नेते. जीपवाला सांजच्याला परत जानार हाय." प्रतीक्षानं लांबून आईला बघितलं, हसली, आणि बोटांचं चाक पुसायला लागली.

आमचा शेवटचा सामना जिंकला असता तर राज्याची स्पर्धा पक्की होती. या वेळी आम्हाला लाल पेटी आली. शिट्टी वाजली. सानियानं रोबोट असा फिरवला की काय सांगू! चेंडू गोळा केले, पेटीशी नेला, आणि मूठ सुटली. टप्, टप्, टप्. चेंडू पेटीत पडताना मला डोळ्यांनी दिसत होते. पडद्यावरचा आकडा मात्र मध्येच हलायचा, मध्येच गप्प. पुन्हा गोळा केले, पुन्हा टाकले. आकडा जेमतेम सरकला. वेळ संपली. पेटी चेंडूंनी गच्च भरलेली, आणि पडद्यावर आम्ही हरलेलो.

मी खुर्ची सोडून मैदानाच्या कडेला कधी पोचले मला कळलं नाही. मुख्य पंच म्हणजे नागापूरच्या एका कारखान्यात नोकरीला असलेला तरुण, रविवारी हौसेनं येणारा. "हातच्या कंकणाला आरसा कशाला?" मी ओरडले. "पेटी उघडा आणि मोजा!" तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, सेन्सरचा आकडा अंतिम आहे. नियम तुम्हालाही माहीत आहे." मागून एक निवासी शाळेचे जाकीटवाले सर हसत म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." त्यांची टीम पुढच्या सामन्याला तयार उभी होती. मी त्यांच्याकडं वळणार होते, आणि वळले असते तर स्पर्धेला वेगळंच वळण लागलं असतं. पण प्रतीक्षा मध्ये आली.

"सर," ती पंचाला म्हणाली, "आमचं गेलं त्ये गेलं. पन ही पेटी सकाळी नीट मोजत हुती, आता न्हाई मोजत. बगा, ऊन थेट तिच्या तोंडावर आलंय. दिव्याचा उजेड त्या डोळ्याला कसा कळंल? आता पुढच्यांचंबी आसंच जाईल." पंच खिडकीकडं बघत राहिला. वेळापत्रक आधीच मागं पडलं होतं, टेबलावरून कुणीतरी घाई करा म्हणून हात करत होतं. तो नाही म्हणू शकला असता. त्यानं तसं केलं नाही. गुडघ्यावर बसला, लाल पेटीत हातानं एकेक चेंडू टाकला आणि दर वेळी पडद्याकडं मान वळवली. अर्धेसुद्धा मोजले गेले नाहीत. मग त्यानं पेटीवर स्वतःची सावली पाडली आणि पुन्हा टाकले. सगळे मोजले गेले.

तो उठला आणि माइकवर म्हणाला, "लाल पेटीचं मोजणं उन्हामुळं चुकतंय. हे या विद्यार्थिनीनं दाखवून दिलं. चूक आमची आहे." मग वर फोन केला. बराच वेळ बोलला, हातवारे करून. परत आला तेव्हा त्याचा चेहराच सांगत होता. झालेल्या सामन्यांचे निकाल बदलता येणार नाहीत, असं वरून उत्तर आलं होतं. "सॉरी," तो प्रतीक्षाला म्हणाला. मला नाही, तिला. त्याचं नाव मी विचारलं नाही, याची हळहळ आजही वाटते. अंगण वाकडं आहे हे कबूल करायला गुडघ्यावर बसणारा माणूस रोज भेटत नाही. यंदाचा नियम वाचताना मला आधी तोच दिसला.

पुढचे सामने तरी नीट व्हायला हवे होते. खिडकीला पडदा नव्हता, खिळा नव्हता, आणि ऊन तर खाली खाली सरकत होतं. शाळेची एक सतरंजी मिळाली. ती हातानं धरायची आणि सावली पेटीच्या तोंडावरून हलू द्यायची नाही, असं ठरलं. उंच म्हणून एका टोकाला प्रतीक्षा उभी राहिली, दुसऱ्या टोकाला सानिया. जाकीटवाल्या सरांनी स्वतः बाक ओढून आणला आणि म्हणाले, "बेटा, यावर उभी राहा." आवाजात मघाचं हसू नव्हतं. त्यांचीच टीम लाल बाजूनं उतरत होती. आमच्या मुली हरल्या होत्या आणि हात वर करून त्यांचे चेंडू मोजले जावेत म्हणून उभ्या होत्या. मला अभिमान वाटला की वाईट वाटलं, सांगता येत नाही. दोन्ही झालं.

मी मागं गेले. कांताबाई उभ्या होत्या. आता कसं बोलावं, काय सांगावं, मी शब्द जुळवत होते. एक महिना द्या म्हणावं, मी स्वतः येऊन तुमच्या कोपीवर भाकऱ्या थापते म्हणावं! पण त्याच आधी बोलल्या.

"म्याडम, त्यो शिट्टीवाला तिला चुकलं म्हन्ला न्हाई का?"

"हो. म्हणाला. पण निकाल..."

"निक्काल कळला मला." त्यांनी पदर नीट केला. "आमच्याकडं कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची गाडी चढली की काटा सांगंल त्यो आकडा. गाडी आमीच भरल्याली आसती, किती भरली त्ये आमाला ठावं आसतं. पर तोंड उघडायचं न्हाई. माझ्या मालकानं उघडलं का मुकादम त्यान्ला गप करतो. म्या उघडलं तर मालकच गप करत्यात." त्यांनी मैदानाकडं बोट केलं. "हितं माझी पोरगी बोलली, आन् त्यो मानूस खाली बसून बघाय लागला."

मी महिनाभराचं बोलणार, तोच त्या पुढं म्हणाल्या,

"ऱ्हाऊ द्या तिला हितंच. कोपीवरचं मी बघते माझं मी. हितं तिचं ऐकत्यात."

मी त्यांचे हात धरले. उपकार झाले, असलं काहीतरी पुटपुटले. त्या एकदम हसल्या. "उपकार कशाचं वं? पोरगी माझी हाय का तुमची?" बाहेर जीपचा हॉर्न वाजला. त्यांनी प्रतीक्षाकडं बघितलं, हाक मारायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. "नगं. हात गुतल्यात तिचं," म्हणाल्या, आणि गेल्या.

मी बाकापाशी येऊन उभी राहिले. बातमी जिभेवर होती, पण सामना चालू होता. तिनं हात जरा खाली घेतले असते तर कुणाचे तरी चेंडू मोजायचे राहिले असते. लांबलचक सामना होता तो. शिट्टी वाजली तेव्हा मी सांगितलं, "आई एकटी गेली. तुला इथंच राहायचंय."

तिनं सतरंजीचं टोक सांभाळत मान वळवली. मग म्हणाली, "मॅडम, हात लई दुखत्यात. जरा धरा हे."

मी बाकावर चढून सतरंजी धरली. ती खाली बसली आणि गुडघ्यांत तोंड घालून मोठ्यानं रडली. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण पुढचा सामना सुरू झाला होता आणि सावली हलू द्यायची नव्हती.